रूट किती किलोमीटरचा, हे मी शेवटी बघतो

ट्रेन सिम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरवर रेल्वे चालवायचा गेम. त्याचा नवा रूट घ्यायचा म्हटलं की मी आधी टाइमटेबल शोधतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच गाडी जाते का, ती सगळी मला चालवायला मिळते का, आणि सुटल्यापासून पोचेपर्यंत किती वेळ लागतो? या तीन गोष्टी कळल्या की रूट लांब आहे की नुसता मोठा आहे ते समजतं. जाहिरातीत ‘इतक्या मैलांचा मार्ग’ असं ठळक अक्षरात लिहिलेलं असतं. त्यात पुष्कळदा फुटलेल्या शाखा, मालधक्क्याच्या लायनी, कारशेडकडे जाणारा फाटा हे सगळं धरलेलं असतं. प्रत्यक्ष चालवायला बसावं तर मुख्य गाडी तासाभरात शेवटच्या प्लॅटफॉर्मला लागते आणि पडद्यावर गुण झळकतात.

मला तासाभराची गाडी नको असते. माझं सेलूत कृषी सेवा केंद्र आहे. मृग लागला की बियाणं, खत, मग फवारणीची औषधं, दुकानातून मान वर काढायला सवड मिळत नाही. रब्बीची पेरणी आटोपली की मात्र संध्याकाळी लवकर शटर ओढता येतं, जेवण होतं, आणि पुढे झोपेपर्यंतचा सगळा वेळ माझा असतो. त्या वेळात मला एकच गाडी चालवायची असते, आणि ती दूर जाणारी असावी लागते.

ही आवड सेलूवरून जाणाऱ्या आमच्या मार्गानंच लावली असं मला वाटतं. मनमाड ते नांदेड हे अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे म्हणून टाकलेली ही मीटरगेज लाईन, नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली. परभणी ते मुदखेड दुहेरी झालं, पण माझं लहानपण-तरुणपण सगळं एकेरी लायनीवर गेलं. गाडी करमाडला थांबली, बदनापूरला थांबली, सातोन्याला थांबली की डब्यातलं कोणीतरी सांगायचंच, ‘क्रॉसिंग आहे.’ मग समोरून गाडी यायची, धडधडत निघून जायची, आपला सिग्नल पडायचा आणि आपण हलायचो. ज्याला हे अंगवळणी पडलं त्याला लांब रूटवर दोन-दोन तास काही घडत नाही म्हणून कंटाळा येत नाही. घडत असतंच. सिग्नल येतात, चढ-उतार येतात, वळणावर वेगमर्यादा येते, आणि वेळ हळूहळू हातातून निसटत असतो, तो पुन्हा मिळवायचा असतो. छोट्या रूटवर तीन मिनिटं उशीर झाला तर तो शेवटपर्यंत तीनच मिनिटं राहतो, भरून काढायला जागाच नसते. लांब रूटवर पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये घालवलेली पाच मिनिटं पुढच्या दीडशेत थोडीथोडी परत मिळवता येतात. माझ्या लेखी ड्रायव्हिंग म्हणजे हेच.

औरंगाबादला (तेव्हा नाव तेच होतं) शिकायला होतो तेव्हा मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर हाताला लागला. २००१ सालचा तो गेम, सहा रूट होते त्यात. जपानचे दोन, ऑस्ट्रियातला इन्सब्रुक ते सेंट अँटनचा घाट, इंग्लंडमधला सेटल–कार्लाइल, अमेरिकेतला फिलाडेल्फिया ते वॉशिंग्टन, आणि माँटाना राज्यातला मरायस पास. सगळे मित्र वॉशिंग्टनच्या रूटवर ‘असेला’ पळवायचे, कारण ती जोरात जाते. मी मरायस पासवर गेलो तो तिथंच राहिलो. शेल्बी ते व्हाइटफिश, सुमारे दीडशे मैल, समोर रॉकी पर्वत आणि मागे बीएनएसएफ या अमेरिकी रेल्वे कंपनीच्या डॅश-नाइन इंजिनांना जोडलेली लांबलचक मालगाडी. खिंडीचा माथा ५,२१३ फुटांवर. चढावर वेग उतरत-उतरत अगदी सायकलीइतका व्हायचा आणि तिथं नुसतं बसून रहायचं, आठव्या नॉचवर, म्हणजे पूर्ण जोर लावून, अँपिअरच्या काट्याकडे बघत. संध्याकाळी सुरू केलेली गाडी मेसचं जेवण चुकवूनच पलीकडे उतरायची.

त्या गेमनं लांबीबद्दल जे शिकवलं ते आजही चालतं: वेग वाढला की रूट आखूड होतो. ट्रेन सिम वर्ल्ड ३ मध्ये जर्मनीतला कासेल–व्युर्त्सबुर्ग हायस्पीड मार्ग आहे. अंतर बघितलं तर पावणेदोनशे किलोमीटरच्या वर, म्हणजे आमच्या मनमाड–जालन्याएवढं. पण तिथं आयसीई ही जर्मनीची वेगवान गाडी ताशी अडीचशेनं जाते, वाटेत लांड्रुकनचा पावणेअकरा किलोमीटरचा बोगदा, जर्मनीतला सगळ्यात लांब, तोही काही मिनिटांत मागे पडतो आणि तासाभरात तुम्ही व्युर्त्सबुर्गला. त्याच गेममध्ये कॅलिफोर्नियातला कॅहॉन पास आहे, बारस्टो ते सॅन बर्नार्डिनो. तो नकाशावर जर्मनीच्या रूटपेक्षा खूप लहान. पण मालगाडी घेऊन माथा गाठायचा, आणि पलीकडचा २.२ टक्क्यांचा उतार (एका ट्रॅकवर तर ३ टक्के) डायनॅमिक ब्रेकवर (इंजिनच्या मोटारींनीच गाडी रोखून धरत) तोलत उतरायचा, यात जी संध्याकाळ जाते तिची बरोबरी आयसीईला नाही. म्हणून नव्यानं या छंदात पडलेल्यांना मी सांगतो की लांब रूट हवा असेल तर आधी मालगाडी निवडा. तीच लाईन, तेच पैसे, आणि वेळ दुपटी-तिपटीनं मिळतो. मालगाडी नको असेल तर प्रत्येक स्टेशनला थांबणारी पॅसेंजर घ्या. एक्सप्रेस सगळ्यात शेवटी.

ट्रेन सिम वर्ल्डमध्ये टाइमटेबल मोडला दिवसभराच्या सगळ्या फेऱ्या आणि त्यांचा कालावधी दिसतो, त्यामुळे तिथं शोधणं सोपं. ओपन रेल्सचं वेगळं. हा फुकट मिळणारा सिम्युलेटर जुन्या मायक्रोसॉफ्ट गेमसाठी बनवलेले रूट चालवतो, आणि जगभरच्या हौशी लोकांनी वीस-बावीस वर्षांत बनवलेलं भांडार त्याला लागू पडतं. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर तो कुरकुर न करता चालतो, हे आमच्यासारख्यांसाठी मोठं आहे. नवे गेम एकेका रूटला कितीतरी जीबी जागा मागतात. ओपन रेल्समध्ये रूट निवडला की खाली दोन रकाने येतात, कुठून सुटायचं आणि कुठं जायचं. खरी लांबी तिथं कळते. रूट बनवणाऱ्यानं टोकापासून टोकापर्यंत ‘पाथ’ आखून ठेवलेला असेल तर तुम्ही सलग जाऊ शकता. नसेल तर रूळ कितीही लांब टाकलेले असोत, तुम्ही अर्ध्यावर अडकता. काही रूट मोठे असूनही तीन-चार तुकड्यांतच चालवता येतात, ते याच कारणानं. पाथ स्वतः आखता येतो. रुळांचे काटे ओळीनं लावायचे, लूप (स्टेशनातली बाजूची लाईन) सोडून मेन लाईन धरायची, आणि फाईल जतन करायची. मी बऱ्याच रूटना असं केलंय आणि ज्याला लांब चालवायची हौस आहे त्यानं हे शिकून घ्यावंच.

सलग लांबीत ट्रेन्झ नावाच्या सिम्युलेटरची मांडणी मला फार आवडते. तिथं दोन रूट एकमेकांना जोडण्याची सोय गेममध्येच आहे, शिवाय ‘पोर्टल’ नावाचा प्रकार आहे, ज्यातून गाडी एका टोकाला बाहेर जाते आणि दुसरीकडे आत येते. ट्रेन्झमधला लंडनच्या किंग्ज क्रॉसपासून एडिनबरापर्यंतचा ईस्ट कोस्ट मेन लाईन मी आजवर चालवलेल्या रूटांमध्ये खास आहे. खऱ्या जगात हे अंतर ३९३ मैल, म्हणजे ६३० किलोमीटरच्या थोडं वर. आमच्या नांदेडहून मुंबई जेवढी आहे त्याच्या जवळपास. पीटरबरो, डॉनकास्टर, यॉर्क, डार्लिंग्टन, न्यूकॅसल, बेरिक, ही नावं मला आता परतूर-सेलू-मानवत रोडसारखी क्रमानं येतात.

याच मार्गाची एक खरी हकीगत इथं सांगतो, कारण लांब रूटच्या शौकिनांना ती माहीत असायलाच हवी. १ मे १९२८ पासून एलएनईआर कंपनीनं ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ ही गाडी लंडन ते एडिनबरा न थांबता सोडायला सुरुवात केली. प्रवास सव्वाआठ तासांचा. वाफेच्या इंजिनावर एका ड्रायव्हर-फायरमननं एवढा वेळ सलग काम करणं शक्य नव्हतं. म्हणून कोळसा-पाण्याच्या टेंडरमधूनच एक अरुंद बोळ काढला, माणूस जेमतेम जाईल एवढा. निम्म्या वाटेवर, यॉर्कच्या उत्तरेला, मागच्या डब्यात विश्रांती घेत बसलेली दुसरी जोडी त्या बोळातून इंजिनावर यायची आणि पहिली जोडी मागे जायची. गाडी धावतच असायची.

हे मी आमच्या सासऱ्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मामा पूर्णेला रेल्वेत होते. फायरमन म्हणून लागले, मीटरगेजच्या वायजी इंजिनावर कोळसा टाकला, पुढे ड्रायव्हर झाले, डिझेल चालवलं, ब्रॉडगेज बघितलं आणि मालगाडीचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. नंतर म्हणाले, ‘आम्हाला तर जालन्यात उतरावं लागायचं. पुढं मनमाडला गाडी दुसराच न्यायचा.’ मनमाड ते पूर्णा हा सगळा पल्ला त्यांनी एका दमात, एका गाडीवर कधी चालवला नाही. कुठलाच ड्रायव्हर चालवत नाही. ठराविक तासांनी क्रू बदलतोच, बदलायलाच हवा. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड असो की दिब्रुगडहून कन्याकुमारीला चार हजारांवर किलोमीटर जाणारी विवेक एक्सप्रेस, त्या गाड्यांचा संपूर्ण मार्ग इंजिनच्या काचेतून सलग बघितलेला माणूस शोधून सापडायचा नाही. प्रत्येकाला आपापला सेक्शन ठाऊक असतो. अगदी हातावरच्या रेषांइतका ठाऊक असतो, कारण लर्निंग रोडच्या फेऱ्या करून, सिग्नल अन् चढ पाठ करून, मगच त्या सेक्शनवर गाडी हातात मिळते. पण पुढचा सेक्शन दुसऱ्याचा असतो. लांब रूट सलग चालवणं ही गोष्ट फक्त सिम्युलेटर देतो, आणि मला तिची किंमत मामांच्या त्या वाक्यानंतर जास्त कळली.

मामा सेलूला आले की माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसतात. त्यांना सगळ्यात आवडला सिमरेल. पोलंडचा गेम, जानेवारी २०२३ मध्ये आला. काटोविचे ते वॉर्सा सुमारे तीनशे किलोमीटर सलग, आणि त्यातला मोठा भाग सीएमके नावाच्या २२४ किलोमीटरच्या लाईनचा. ती लाईन सत्तरच्या दशकात कोळसा वाहण्यासाठी बांधली आणि आता तिच्यावर ताशी २०० नं गाड्या जातात. शहरं चुकवून गेलेली, सपाट शेतांमधून, जंगलांमधून. मी शक्यतो जुनं ईयू-०७ इंजिन असलेली गाडी घेतो, तिचा वेग कमी म्हणून प्रवास लांबतो.

पहिल्यांदा त्यांना दाखवली तेव्हा हिवाळ्याची रात्र होती, पडद्यावर बर्फ पडत होता. मामांनी चष्मा वर केला आणि बर्फाकडे बघितलंच नाही. बोट थेट गेजवर.

‘बीपी किती ठेवलंय?’ (ब्रेकच्या पाइपातला हवेचा दाब.)

‘पाच, मामा. बारमध्ये आहे.’

‘मंग आपल्यासारखंच. आपलं पाच किलो.’ त्यांनी मान हलवली. ‘अन् हे काय वाजलं?’

ते चुवाक होतं. ड्रायव्हर जागा आहे की नाही हे तपासणारं यंत्र, साधारण मिनिटाला एकदा दिवा लागतो, बटण दाबलं नाही तर आवाज होतो आणि तरीही दाबलं नाही तर ब्रेक लागतात. आपल्याकडच्या इंजिनांतही मिनिटाच्या हिशेबानं चालणारं असंच यंत्र बसवलेलं असतं. जर्मन इंजिनात ते ‘सिफा’ नावानं असतं, पेडल अर्ध्या मिनिटाला एकदा सोडून पुन्हा दाबायचं. मामांच्या वाफेच्या काळात यातलं काही नव्हतं. ते म्हणाले, ‘आमच्या टायमाला फायरमनच हाक मारायचा. सिग्नल दिसला की दोघांनी मोठ्यानं म्हणायचं.’ मग त्या रात्री ते माझे फायरमन झाले. पुढचा सिग्नल दिसला की ‘हिरवा’ म्हणायचे, मी ‘हिरवा’ म्हणायचो. आतून बायकोनं दोनदा विचारलं, ‘अहो, कोणाशी बोलताय एवढ्या मोठ्यानं?’ वॉर्सापर्यंत आम्ही तसंच गेलो. मधेच एका ठिकाणी पिवळा आला तेव्हा मामांनी माझ्या आधी बघितला, वयाच्या सत्तरीत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी.

सिमरेलमध्ये स्टेशन मास्तरच्या जागीही खरी माणसं बसलेली असतात. कोणी पोलंडमधलं, कोणी जर्मनीतलं. तुमचा सिग्नल तो देणार, तुम्हाला लूपला टाकायचं की मेन लाईननं सोडायचं हे तो ठरवणार. त्यामुळे थांबण्याला अर्थ येतो. संगणकानं लाल केलेल्या सिग्नलपाशी थांबणं वेगळं, आणि पलीकडे बसलेल्या माणसानं मागून येणारी वेगवान गाडी पुढे काढण्यासाठी तुम्हाला बाजूला घेणं वेगळं. करमाडला, बदनापूरला थांबलेल्या माणसाला हे लगेच कळतं.

त्याच्याही पुढे जायचं असेल तर रन-एट. अमेरिकेतल्या मालवाहतुकीचा, दिसायला साधा, पण एअर ब्रेकच्या बाबतीत काटेकोर. रूट वेगवेगळे विकत घ्यावे लागतात पण ते एकमेकांना जोडलेले आहेत. बेकर्सफील्डहून निघायचं, तेहाचापीचा घाट चढायचा, मोहावीवरून बारस्टो, तिथून वाळवंटातून नीडल्स, कोलोरॅडो नदी ओलांडून ॲरिझोनात सेलिगमन. खऱ्या अंतराच्या हिशेबानं हे सातशे किलोमीटरच्या घरात जातं, आणि मालगाडीच्या वेगानं ते एका बैठकीत होत नाही. तिथंही क्रू बदलण्याची ठिकाणं आहेत आणि खेळणारे लोक खरोखर बारस्टोला गाडी दुसऱ्याच्या ताब्यात देतात. मला स्वतःला वाळवंटाचा तुकडा सगळ्यात जवळचा वाटतो. दहा-दहा मैल सरळ रूळ, समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा कितीतरी आधी दिसतो आणि जवळ यायला वेळ लावतो. मे महिन्यात परतूर ते सेलू असंच दिसतं.

मग मुंबई–चेन्नई किंवा सगळी ट्रान्स-सायबेरियन असा रूट कोणी का बनवत नाही, असं दुकानात येणारी पोरं मला विचारतात. कारण मेहनत. जुन्या मायक्रोसॉफ्ट गेममध्ये जमीन २,०४८ मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांत विभागलेली असते. ट्रेन्झमध्ये तो चौकोन ७२० मीटरचा. ट्रान्स-सायबेरियन, म्हणजे मॉस्को ते व्लादिवोस्तोक, ९,२८९ किलोमीटर आहे. रूळ अगदी सरळ धरला आणि बाजूचा एकही चौकोन घेतला नाही, तरी २,०४८ मीटरचे साडेचार हजारांवर चौकोन होतात. प्रत्येकात झाडं, घरं, फाटकं, खांब, सिग्नल माणसानं ठेवायचे.

दुसरं कारण गणिती आहे, आणि ते मला फार आवडतं. बरेच गेम वस्तूची जागा ३२ बिटच्या आकड्यात ठेवतात, आणि त्या आकड्यात जेमतेम सात अंक अचूक मावतात. सुरुवातीच्या बिंदूपासून शंभर किलोमीटरवर गेलात की जागेची अचूकता आठ मिलिमीटरच्या आसपास येते. म्हणजे चाक रुळावर अलगद सरकण्याऐवजी आठ-आठ मिलिमीटरच्या उड्या घेणार, डबे थरथरणार. त्यावर उपाय म्हणजे गाडीबरोबर मूळबिंदूच पुढे सरकवत नेणं, किंवा मायक्रोसॉफ्टच्या गेममध्ये होतं तसं करणं: आधी चौकोनाचा क्रमांक, मग त्या चौकोनातली जागा. २००१ साली केलेल्या या व्यवस्थेमुळे आजही ओपन रेल्समध्ये रूट शेकडो किलोमीटर वाढवला तरी डबे थरथरत नाहीत. हा गेम जुना झाला म्हणून सोडून देणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो.

एक व्यावहारिक गोष्ट. आमच्याकडे लाईट जाते. उन्हाळ्यात तर वादळ-वारं सुटलं की गेलीच. त्यामुळे लांब रूट चालवायचा तर इन्व्हर्टर किंवा निदान यूपीएस हवा, आणि जतन करण्याची सवय हवी. ओपन रेल्समध्ये एफ-२ दाबलं की गाडी आहे तिथं, आहे त्या वेगात जतन होते. मी प्रत्येक मोठं स्टेशन सोडलं की दाबतो. सिमरेल किंवा रन-एट ऑनलाइन खेळताना हे चालत नाही. तिथं तुम्ही गेलात की गेलात, सिमरेलमध्ये तुमची गाडी संगणक पुढे नेतो. म्हणून ऑनलाइन गाडी मी थंडीतच घेतो, आणि शेतीच्या लायनीला वीज कधी आहे ते बघून घेतो, कारण त्या वेळी आमच्या गल्लीत दाब वरखाली होतो.

आणि आता मी ज्यात गुंतलोय ते. ओपन रेल्ससाठी टीएसआरई नावाचा रूट एडिटर आहे, फुकट. त्यात मी मनमाड–नांदेड बनवतोय, मीटरगेजच्या काळातला. जमिनीची उंची नासाच्या एसआरटीएम मोहिमेची वापरली आहे. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ यानानं रडार लावून पृथ्वीवरच्या सुमारे ८० टक्के जमिनीची उंची मोजली, ३० मीटरला एक आकडा. अंकाई-टंकाईचे डोंगर त्यात सुरेख येतात. दौलताबादचा किल्ला तर एडिटरमध्ये जमीन उमटल्या-उमटल्या ओळखू आला, मी अजून एक दगडही ठेवला नव्हता. त्रास सपाटीचा आहे. मनमाड ते नांदेड जमीन दोनशे मीटरच्या आसपास उतरते, पण साडेतीनशे किलोमीटरवर पसरलेला तो उतार रडारच्या आकड्यांमधल्या चढ-उतारात बुडून जातो. जशीच्या तशी उंची घेतली तर लासूर–पोटूळमधला रूळ लाटांसारखा वरखाली होतो. तिथं यंत्राच्या आकड्यांपेक्षा मामांची आठवण खरी ठरते. वायजीवर मालगाडी घेऊन कुठं वाफ कमी पडायची, कुठं वाफेचा रेग्युलेटर बंद करून गाडी नुसती घरंगळत जायची, हे ते स्टेशनांच्या नावांसकट सांगतात. मी वहीत लिहून घेतो आणि त्याप्रमाणे चढ बसवतो.

सध्या मनमाड यार्ड, अंकाई, नगरसोल, रोटेगाव, परसोडा एवढं चालवण्याजोगं झालंय. दोन्हीकडून गाड्या सोडून परसोड्याला क्रॉसिंग करून बघितलं, टोकनच्या (एकेरी लायनीवर पुढे जायच्या परवानगीच्या) देवाणघेवाणीसह, आणि मामांनी पास केलं. पुढे लासूर. माझं अडलंय ते इमारतींपाशी: ब्रॉडगेजच्या कामात जुनी स्टेशनं, पाण्याच्या टाक्या, सिग्नलच्या केबिनी पाडल्या, आणि मामांना लूप कुठल्या बाजूला होता ते आठवतं पण टाकीला पाय चार होते की सहा हे आठवत नाही. कोणाच्या घरी लासूर, पोटूळ, करमाड, रांजणी किंवा पूर्णा शेडचा १९९० च्या आधीचा फोटो असेल, लग्नाच्या वऱ्हाडाचा असला आणि मागे स्टेशनचा कोपरा दिसत असला तरी चालेल, तर मला जरूर कळवा.